गाडी थांबल्यानंतरचं कोण पाहतं?

रुग्णवाहिका सेवांचे प्रमुख, ऑपरेशन्स मॅनेजर आणि वैद्यकीय संचालक यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मासिक बैठकीत पहिला तक्ता कोणता असतो, हे मला बैठकीला न येताही सांगता येईल. किती टक्के कॉलना गाडी ठरलेल्या मिनिटांत पोहोचली. हिरवा, पिवळा, लाल. रकाना लाल असला की त्या विभागाच्या सुपरवायझरला उभं करायचं, त्याची कारणं ऐकून घ्यायची, आणि उरलेल्या वेळात डिझेल, टायर, रजा, गणवेश. रुग्णाचं पुढे काय झालं, हा विषय इतिवृत्तात सापडलाच तर 'तक्रारी' या मथळ्याखाली सापडतो.

मी बरीच वर्षं गाडीवर काम केलं, आता नव्या मुलामुलींना शिकवतो. हे पत्र तक्रार म्हणून वाचू नका, असं लिहिणार होतो. पण ती तक्रारच आहे, तेव्हा तशीच वाचा. तुम्ही सकाळी ज्याबद्दल विचारता, तेच रात्री गाडीवर जपलं जातं. तुम्ही घड्याळाबद्दल विचारता, म्हणून आमची माणसं घड्याळ जपतात. गाडी थांबल्यापासून रुग्ण इस्पितळाच्या ताब्यात देईपर्यंतचा जो वेळ, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप उभा केला, त्याबद्दल काही बिनसल्याशिवाय कोणी विचारत नाही.

बऱ्याच सेवांमध्ये पूज्य मानला जाणारा आठ मिनिटांचा आकडा आला कुठून, हे पाहण्यासारखं आहे. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या किंग काउंटीत मिकी आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणूस कोसळल्यापासून चार मिनिटांत कोणी सीपीआर (छातीवर दाब देऊन रक्त फिरतं ठेवणं) सुरू केला आणि आठ मिनिटांत प्रगत उपचार मिळाले, तर वाचण्याची शक्यता सर्वांत चांगली, असं त्यात दिसलं. निष्कर्ष एका अवस्थेपुरता होता, आणि वेळ मोजायची होती ती माणूस कोसळल्यापासून. पुढे ठिकठिकाणच्या सेवांनी त्यातला आठ तेवढा उचलला. चार सोडून दिला. मनगट मोडल्यापासून पोट दुखण्यापर्यंत सगळ्याला तोच लावला, आणि घड्याळ कधी सुरू करायचं तेही आपल्या सोयीने ठरवलं. कुठे फोन उचलल्यावर, कुठे गाडी नेमून दिल्यावर.

इंग्लंडने ही पद्धत वर्षानुवर्षं चालवली आणि तिचे परिणाम स्वतःच नोंदवून ठेवले. एका रुग्णाकडे दोन-तीन गाड्या सोडायच्या, पहिली पोहोचली की बाकीच्या परत फिरवायच्या. पक्षाघाताच्या रुग्णाकडे मोटरसायकल पाठवायची, म्हणजे घड्याळ थांबतं. रुग्णाला नेणारी गाडी मागाहून केव्हातरी येते. तक्ता हिरवा, आणि मेंदूत गुठळी अडकलेला माणूस घरातच पडलेला. २०१७ मध्ये त्यांनी ही पद्धत बदलली. नेमकं काय झालंय हे समजून घ्यायला डिस्पॅचरना, म्हणजे फोन घेऊन गाडी पाठवणाऱ्यांना, जास्त वेळ दिला. जिवावर बेतलेल्या कॉलसाठी सरासरी ७ मिनिटं आणि पक्षाघात, हृदयविकाराचा संशय वगैरे ज्यात येतात त्या दुसऱ्या गटासाठी सरासरी १८ मिनिटं अशी उद्दिष्टं ठेवली. बदल शहाणपणाचा होता. तरीही डिसेंबर २०२२ मध्ये या दुसऱ्या गटाची सरासरी दीड तासाच्या वर गेली. गाड्या होत्या, माणसं होती, पण त्यातल्या कितीतरी गाड्या इस्पितळांच्या दारात रुग्णासकट रांगेत उभ्या होत्या. त्यावर पुढे लिहितोच.

वेळ महत्त्वाची नाही असं मी म्हणत नाही. हृदय बंद पडलं असेल, गळ्यात घास अडकला असेल, रक्ताची धार लागली असेल तर मिनिटच काय, सेकंदही मोलाचा. पण अशा वेळी पहिली मदत गाडीतून येतच नाही, फोनवरून येते. किंग काउंटीनेच १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फोनवरून सीपीआर सांगण्याची पद्धत बसवली. तिच्यातली खरी अडचण सीपीआर शिकवण्याची नाही, ओळखण्याची आहे. डिस्पॅचर विचारते, "श्वास चालू आहे का?" पलीकडून उत्तर येतं, "हो, घेतोय, अधूनमधून घेतोय." तो श्वास नसतो, ते आचके असतात. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं अनेकांना असे आचके येतात आणि घरच्यांना वाटतं, जीव आहे, श्वास आहे. शुद्ध नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढ्या दोन गोष्टी कळल्या की पुढचा प्रश्न न विचारता छातीवर दाब द्यायला लावायचं, हे ज्या डिस्पॅचरला पक्कं ठाऊक आहे ती गाडी निघण्याआधीच रुग्णाला वाचवण्याचं अर्धं काम करून मोकळी होते. तुमच्या संस्थेच्या तक्त्यात मात्र ती 'कॉल सेंटर कर्मचारी' असते, तिचा पगार त्या हिशेबाने ठरतो, आणि तिचं मोजमाप होतं ते फोन किती सेकंदांत उचलला यावर. तिच्या कॉलचं ध्वनिमुद्रण तुमच्याकडे आहे. हृदय बंद पडलेल्या रुग्णांचे कॉल वेगळे काढून, ओळखायला किती वेळ लागला आणि पहिला दाब कधी पडला, हे कोणी ऐकलंय का?

आता गाडी पोहोचल्यावरचं. छातीवर दाब किती खोल द्यायचा, ५ ते ६ सेंटीमीटर. किती वेगाने, मिनिटाला १०० ते १२०. मधे थांबायचं ते १० सेकंदांच्या आत. हे कोणत्याही प्रशिक्षित माणसाला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. करता येतं का, हा वेगळा प्रश्न. अरुंद खोली, रडणारे नातेवाईक, जिन्यावरून स्ट्रेचर न्यायची घाई, नाडी बघायला हात लावला की पंधरा-वीस सेकंद सहज जातात, आणि ते गेल्याचं त्या क्षणी कोणालाच कळत नाही. कळतं ते यंत्राला. हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र म्हणजे डिफिब्रिलेटर; आजकालच्या बहुतेक डिफिब्रिलेटरमध्ये प्रत्येक थांबा नोंदला जातो. ही नोंद कॉलनंतर उतरवून घ्यायची, क्रूबरोबर बसून पाहायची, पुढच्या वेळी कुठला थांबा टाळता येईल ते ठरवायचं, एवढ्याने रुग्ण वाचतात. १९७० मध्ये हृदयरोगतज्ज्ञ लिओनार्ड कॉब आणि अग्निशमन दलाचे प्रमुख गॉर्डन व्हिकरी यांनी सिएटलमध्ये मेडिक वन ही सेवा सुरू केली. तिथे आणि सभोवतालच्या किंग काउंटीत अशा रुग्णांच्या नोंदी पाहणं ही रीतच पडून गेली. कोणाच्या तरी डोळ्यांदेखत कोसळलेले आणि शॉक देण्याजोगी लय असलेले जे रुग्ण, त्यांच्यातले निम्म्याच्या आसपास तिथे जिवंत घरी जातात. जगात फार थोड्या ठिकाणांना हे जमलं आहे. त्यांच्याकडे काही गुप्त औषध नाही. एक डॉक्टर आणि एक प्रशासक एकाच टेबलाशी बसले, आणि त्यांच्यानंतर येणारेही बसत राहिले.

हे टेबल बहुतेक संस्थांमध्ये नसतं. वैद्यकीय संचालक प्रोटोकॉलवर, म्हणजे उपचारांच्या लेखी नियमांवर, सही करतात, ऑपरेशन्स मॅनेजर गाड्या फिरवतात, आणि दोघांची गाठ वार्षिक कार्यक्रमात पडते. मी ज्या एका सेवेत होतो तिथे प्रोटोकॉलच्या पुस्तकावर ज्यांची सही होती, त्या डॉक्टरांना आमच्यापैकी कोणी गाडीच्या मागच्या भागात कधी पाहिलं नव्हतं. चांगले डॉक्टर होते, तज्ज्ञ होते. पण चालत्या गाडीत वाकून उभं राहून, एका हाताने वरची दांडी धरून शीर शोधायची म्हणजे काय, हे त्यांच्या पुस्तकातल्या एकाही ओळीला माहीत नव्हतं.

वैद्यकीय नेतृत्व कशाला म्हणायचं, याचं उदाहरण हवं असेल तर पिट्सबर्गच्या फ्रीडम हाउसचं घ्या. १९६७ मध्ये सुरू झालेली ही रुग्णवाहिका सेवा. हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीतल्या, नोकरीच्या बाजारात कोणी विचारत नव्हतं अशा तरुणांना घेऊन ती उभी राहिली. तोवर तिथे रुग्ण न्यायला पोलिसांची गाडी नाहीतर अंत्यसंस्कारवाल्यांची गाडी येई. मागे उपचार करायला कोणी नसेच. आधुनिक सीपीआर ज्यांनी घडवला त्यांपैकी एक, पीटर साफर, यांनी या तरुणांचं प्रशिक्षण आखलं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर नॅन्सी कॅरोलाइन ही तरुण डॉक्टर त्यांची वैद्यकीय संचालक झाली. ती कार्यालयात बसली नाही. गाडीवर जाऊ लागली, त्यांच्याबरोबर कॉलवर उभी राहू लागली, तिथेच शिकवू लागली. पुढे अमेरिकेतल्या पॅरामेडिकच्या, म्हणजे गाडीवर उपचार करणाऱ्यांच्या, प्रशिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम तिच्या हातून तयार झाला, आणि तो घासूनपुसून घेतला गेला तो याच मुलांबरोबर.

आणि १९७५ मध्ये शहर प्रशासनाने स्वतःची सेवा काढली, फ्रीडम हाउस बंद झालं. शहराच्या सेवेत घेतलेल्या या अनुभवी माणसांना हळूहळू दुय्यम कामांवर ढकललं गेलं, बरेच जण बाहेर पडले. वैद्यकीयदृष्ट्या ती देशातल्या उत्तम सेवांपैकी एक होती. पण ज्यांच्या हातात कागद होते त्यांना ते गुण दिसत नव्हते, किंवा पाहायचे नव्हते. त्यात वर्णद्वेष होता, हे उघड आहे. त्याखेरीजही एक गोष्ट होती, जी आजही प्रत्येक पुनर्रचनेत दिसते: सेवा हलवताना गाड्या, इमारती, फोन नंबर मोजले जातात, तिथल्या माणसांना काय येतं ते मोजलं जात नाही, कारण त्याचा रकानाच नसतो.

वैद्यकीय बाजूला गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे पुरावे आले, त्यांनी आमच्या बिरादरीच्या अभिमानाला बऱ्यापैकी धक्के दिले आहेत. २००४ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओत ऑपाल्स अभ्यास आला. डिफिब्रिलेटर लवकर पोहोचण्याची व्यवस्था आधीच चांगली असताना तिच्यावर श्वासनलिकेत नळी घालणं, शिरेतून औषधं देणं वगैरे प्रगत उपचारांची भर घातली, तर हृदय बंद पडलेल्यांच्या जगण्यात वाढ झाली नाही. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या पॅरामेडिक-टू चाचणीत ८,०१४ रुग्णांपैकी काहींना अॅड्रेनालिन दिलं, काहींना नुसतं सलाईनचं पाणी. अॅड्रेनालिनने ३० दिवसांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर गेलं. पण मेंदू चांगल्या स्थितीत राहून घरी गेलेल्यांत ठोस फरक दिसला नाही, आणि वाचलेल्यांत मेंदूला गंभीर इजा झालेल्यांचं प्रमाण अॅड्रेनालिनच्या गटात जास्त होतं. त्याच वर्षी इंग्लंडच्या एअरवेज-टू चाचणीत ९,२९६ रुग्णांत श्वासनलिकेत नळी घालणं आणि घशाशी बसणारं सोपं साधन वापरणं यांची तुलना झाली. रुग्णांच्या परिणामात नळीचा काही फायदा दिसला नाही.

यावर गाडीवरच्या माणसाची पहिली प्रतिक्रिया असते, "म्हणजे आम्ही शिकलो ते फुकट?" ही प्रतिक्रिया मला समजते. नळी घालता येणं ही आमच्यात इज्जतीची गोष्ट आहे. पण पॅरामेडिकची संख्या वाढत जाते तशी प्रत्येकाच्या वाट्याला नळी घालण्याची संधी कमी होत जाते, आणि वर्षातून एखाद-दोनदा केलेली गोष्ट हातात राहत नाही. कोणाला हे कौशल्य ठेवायचं, त्याला सराव कुठून द्यायचा, बाकीच्यांच्या हातात सोपं साधन देऊन त्यात त्यांना तरबेज कसं करायचं, हा निर्णय पॅरामेडिकने स्वतःपुरता घ्यायचा नाही. तो तुम्ही घ्यायचा. आणि घेतल्यावर माणसांसमोर उभं राहून सांगायचा, परिपत्रक काढून नाही.

पुरावे नेहमी कमीच करा असं सांगतात, असंही नाही. फेफरं थांबतच नसेल तर शीर शोधत बसण्यापेक्षा झटके थांबवणारं मिडाझोलॅम सरळ मांडीत टोचावं, हे रॅम्पार्ट चाचणीने २०१२ मध्ये दाखवलं. मांडीत टोचलेल्यांपैकी ७३ टक्के रुग्ण इस्पितळात पोहोचेपर्यंत शांत झाले होते, शिरेतून लोराझेपाम हे त्याच कामाचं औषध दिलेल्यांपैकी ६३ टक्के. शिरेतलं औषध एकदा आत गेलं की लवकर काम करतं, खरं. पण झटके देणाऱ्या हातात सुई घालायलाच इतका वेळ जातो की सगळा फायदा तिथेच संपतो. इस्पितळातलं शहाणपण रस्त्यावर जसंच्या तसं चालत नाही, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नसेल. एखाद्या सेवेच्या कपाटात आजही हे बदललेलं नसेल, तर ती हयगय गाडीवरच्या माणसाची नाही.

नळीचाच आणखी एक धडा. २००१ मध्ये फ्लोरिडातल्या ऑर्लँडो इथून एक अभ्यास आला. गाडीवर नळी घातलेल्या १०८ रुग्णांना इस्पितळाच्या दारात तपासलं, तेव्हा २७ जणांची नळी जागेवर नव्हती. त्यातल्या बहुतेकांची अन्ननलिकेत होती. हे वाचून कोणीही म्हणेल, या लोकांना काही येत नाही, काढून टाका. त्यानंतर त्याच भागात काय झालं ते जास्त बोलकं आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, जिथे नळीतून येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख सतत दाखवणारी कॅप्नोग्राफी वापरली होती तिथे न ओळखलेली चुकीची नळी एकही सापडली नाही. जिथे ती वापरली नव्हती तिथे सुमारे २३ टक्के. माणसं तीच, रस्ते तेच, जिने तेच. फरक एका यंत्राचा आणि 'आलेख नाही तर नळी बाहेर' या नियमाचा. म्हणजे कितीतरी रुग्णांचं नशीब गाडीवर ठरत नव्हतं. ते खरेदी विभागाच्या फायलीवर कोणी सही केली, कोणी 'पुढच्या वर्षी बघू' म्हटलं, तिथे ठरत होतं.

म्हणून काही बिघडलं की चौकशीत पहिला प्रश्न 'कोण ड्युटीवर होतं' हा आला, की माझा त्या चौकशीवरचा विश्वास उडतो. हा प्रश्न विचारूच नये असं नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ऑरोरा शहरात पोलिसांनी धरून ठेवलेल्या एका तेवीस वर्षांच्या तरुणाला पॅरामेडिकनी ५०० मिलिग्रॅम केटामाइन हे गुंगीचं औषध टोचलं. त्याच्या वजनाचा त्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त होता. तरुण दगावला. डिसेंबर २०२३ मध्ये ज्युरीने दोन पॅरामेडिकना दोषी ठरवलं. रुग्णाला हात लावून तपासलं नाही, औषधानंतर त्याच्यावर नजर ठेवली नाही, हे आक्षेप गंभीर आहेत आणि मी त्यांची वकिली करणार नाही. पण 'एक्सायटेड डेलिरियम' (बेभान, अनावर अवस्था) नावाचं जे निदान पुढे करून ते इंजेक्शन दिलं गेलं, ते त्यांनी शोधून काढलेलं नव्हतं. ते वर्गात शिकवलं जात होतं, प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं होतं. अमेरिकेतल्या आपत्कालीन डॉक्टरांच्या संघटनेचा २००९ चा अहवाल त्याला आधार देत होता. तो पाठिंबा त्यांनी २०२३ मध्ये काढून घेतला. शिकवणारे, लिहिणारे, सही करणारे यांच्यापैकी आरोपीच्या पिंजऱ्यात कोणी नव्हतं. तुमच्या आजच्या प्रोटोकॉलच्या पुस्तकात असं किती आहे, जे कोणीतरी पूर्वी लिहिलं म्हणून आहे? पोलीस म्हणतात म्हणून रुग्णाला औषधाने गुंगवायचं की नाही, यावर तुमचं स्पष्ट लेखी उत्तर आहे का? रात्री तीन वाजता, शेजारी पोलिसांचा घोळका असताना, ते उत्तर पॅरामेडिकला स्वतः शोधायला लागू नये.

आता एका अशा कामाबद्दल, ज्याला आमच्याकडे कोणी काम म्हणत नाही: रुग्णाला घरी सोडणं. आजच्या कॉलमध्ये अपघात आणि हृदयविकारापेक्षा घरात पडलेले वृद्ध, साखर खाली गेलेले मधुमेही, घाबरून छाती दुखतेय म्हणणारे, एकटेपणाने खचलेले लोक जास्त भेटतात. यातल्या अनेकांना इस्पितळात नेण्याची गरज नसते; नेलं तर उलट हाल होतात. पण कोणाला नेऊ नये, हा आमच्या कामातला सर्वांत जोखमीचा निर्णय आहे. पडलेल्या आजी उठून बसल्या, बोलल्या, चहा घेते म्हणाल्या, आणि त्या रक्त पातळ करणारी गोळी घेतात हे कोणी विचारलंच नाही. घाबरलेला तरुण म्हणून सोडलेल्याच्या फुफ्फुसात गुठळी निघाली. आमचं शिक्षण बहुतांश मोठ्या, नाट्यमय प्रसंगांचं. घरी सोडण्याच्या निर्णयाला त्यात जेमतेम एक व्याख्यान, आणि प्रत्यक्षात एक फॉर्म, ज्यावर रुग्णाची सही घेतली की आपण सुटलो असं सगळ्यांना वाटतं. सही कायद्याच्या कामी येत असेल, रुग्णाच्या नाही. असा निर्णय घेताना फोनवर डॉक्टर मिळाला पाहिजे, तो अनुभवी असला पाहिजे आणि वैतागून बोलणारा नको. आणि घरी सोडलेल्यांपैकी पुढच्या दोन-तीन दिवसांत किती जणांकडे पुन्हा गाडी गेली, किती भरती झाले, किती दगावले, हे कोणीतरी नियमाने पाहिलं पाहिजे. हा आकडा प्रतिसादाच्या वेळेपेक्षा कितीतरी बोलका आहे. तो गोळा करणं त्रासाचं आहे, हे मान्य.

यालाच जोडून एक. आमच्या माणसांना रुग्णाचं पुढे काय झालं हे कळतच नाही. हृदयविकार समजून नेलेला रुग्ण खरोखर हृदयविकाराचा होता का? पक्षाघात नाही म्हणून सोडला, तो होता का? आपण बरोबर होतो की नशीबवान, हे कधी कळलंच नाही तर वर्षं वाढतात, अनुभव वाढत नाही. इस्पितळांकडून ही माहिती मिळवायला गोपनीयतेचे नियम आडवे येतात, असं दर वेळी सांगितलं जातं. उपचार केलेल्या क्रूला सुरक्षित मार्गाने निदान कळवण्याची व्यवस्था अनेक ठिकाणी बसवलेली आहे. ती बसवायला दोन संस्थांच्या प्रमुखांनी एकमेकांना फोन करावा लागतो, एवढंच. गाडीवरच्या पोरीने आपत्कालीन विभागातल्या परिचारिकेला चोरून विचारण्यावर ही गोष्ट सोडून देऊ नका.

इस्पितळाच्या दारातल्या रांगेचंही तसंच. इंग्लंडमध्ये इस्पितळाने रुग्ण ताब्यात घेण्याची मुदत १५ मिनिटांची ठरवलेली आहे आणि ती किती वेळा पाळली जात नाही, हे तिथल्या आकडेवारीत दर महिन्याला दिसतं. अडलेली गाडी म्हणजे पुढच्या रुग्णाकडे न जाणारी गाडी. ती सोडवायला क्रूने ट्रायएजच्या (कोणाला आधी घ्यायचं हे ठरवणाऱ्या) टेबलाशी वाद घालायचा, ही पद्धत बंद व्हायला हवी. तो वाद तुमच्या पातळीवरचा आहे, इस्पितळाच्या अधीक्षकाशी. रुग्ण सोपवतानाचं मिनिटभराचं बोलणं मात्र आमच्या हातात आहे. तेवढा वेळ इस्पितळातल्या सगळ्यांनी हात थांबवून ऐकावं, एवढं तरी दोन्हीकडच्या डॉक्टरांनी मिळून ठरवून द्या.

झोपेबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात वादाला जागाच उरलेली नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये आपत्कालीन सेवांसाठी थकव्याबाबत पुराव्यांवर आधारलेली मार्गदर्शक तत्त्वं निघाली. पाळी २४ तासांपेक्षा कमी ठेवा, ड्युटीवर डुलकी घेऊ द्या, कॉफीची सोय करा, थकव्याची नियमित पाहणी करा. इतकं साधं. तरीही डुलकी घेताना सापडलेल्या माणसाला मेमो देणारे सुपरवायझर मी पाहिले आहेत. सायरनचंही तसंच. २०२२ मध्ये तिथल्याच अनेक संघटनांनी मिळून सांगितलं की दिवे-सायरनचा वापर कमी करा. त्याने वाचतात ती मोजकी मिनिटं, बहुतेक रुग्णांना त्या मिनिटांचा उपयोग नसतो, आणि अपघाताचा धोका मात्र वाढतो. तक्ता हिरवा ठेवायचा असेल तर सायरन बंद कसा होणार, हे वेगळं सांगायला नको.

सुपरवायझर नेमण्याच्या तुमच्या पद्धतीबद्दल एक बोलतो, रागावू नका. उत्तम पॅरामेडिक असतो, एका सकाळी त्याच्या खांद्यावर पट्टी येते, हातात रजिस्टर येतं, आणि काल ज्यांच्याबरोबर जेवत होता त्यांना आज मेमो द्यायचा असतो. वाईट कॉलनंतर क्रूशी काय बोलायचं, लहान मूल गेल्यावर पुढचा कॉल लगेच द्यायचा की नाही, नातेवाइकांनी मारहाण केली तर पोलिसांत कोणी जायचं, हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. माणूस चांगला असला तर निभावून नेतो. नसला तर आपली निम्मी चांगली माणसं त्याच्यामुळे नोकरी सोडतात आणि कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' लिहून जातात.

पुढच्या बैठकीचा अजेंडा अजून छापलेला नसेल. प्रतिसादाच्या वेळेचा तक्ता त्यात राहू द्या, फक्त खाली सरकवा. त्याच्या जागी गेल्या महिन्यात हृदय बंद पडलेल्या एका रुग्णाची पूर्ण नोंद लावा: डिस्पॅचरचं ध्वनिमुद्रण पहिल्या रिंगपासून, मग डिफिब्रिलेटरचा आलेख, मग इस्पितळातून आलेला निकाल. वैद्यकीय संचालक आणि ऑपरेशन्स मॅनेजर शेजारी बसतील अशी खुर्च्यांची मांडणी करा. त्या कॉलची डिस्पॅचर आणि क्रू यायला तयार असतील तर त्यांना बोलवा, ड्युटीचे तास धरून, आणि आधी कळवा की ही चौकशी नाही. कुठे थांबायला लागलं, का लागलं, ते त्यांना बोलू द्या. दुसऱ्या महिन्यात घरी सोडलेला रुग्ण घ्या. तिसऱ्या महिन्यात तुम्ही स्वतः एक रात्र गाडीवर या; कळवून आलात तरी चालेल, त्या रात्री गाडी जरा जास्त स्वच्छ असेल एवढंच.

आपला,
गाडीवरून वर्गात आलेला एक पॅरामेडिक